नवरंग लिहू नका

मोज्यात जळू शिरली होती आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं, कारण त्या घडीला मी पक्षी होतो.

पक्षी म्हणजे नवरंग. पाठ हिरवी, पोटाखाली लाल, शेपूट नावापुरती. शहराला लागून असलेल्या ह्या जंगलात, धरणाकडे जाणाऱ्या पायवाटेवर, सहा वर्षांत त्याला कुणी ऐकलं नव्हतं. शिट्टी मात्र सोपी. दोनच सूर, पहिला चढता, दुसरा उतरता. मी पंधरा दिवस लिफ्टच्या खोलीत तिचा सराव केला होता. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या बोगद्यात शिट्टी वाजवली की ती अकरा मजले घुमते. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर दोनदा खिडकीत दाणे ठेवले.

हे सगळं मी माझ्या ताईसाठी करत होतो. तिला न सांगता.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं कानाला हेडफोन. माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आधी ती त्याला श्वासावरून ओळखायची. मी एकदा आवाज जाड करून, मोठा साहेब बनून फोन केला होता. म्हटलं, तुमच्याबद्दल तक्रार आली आहे. ती म्हणाली, “साहेब, घरी येताना साबण आणा, आणि नाक दाबून बोलू नका, चांगलं दिसत नाही.” मी खरंच नाक चिमटीत धरलं होतं.

रिटायर झाल्यावर तिने हे पक्ष्यांचं घेतलं. एकोणीस वर्षं ह्या पायवाटेची वार्षिक पक्षीगणना तिच्या हातात. पुढे ती, मागे पक्षीमित्र मंडळाचे चार-पाच लोक. ती बोट वर करणार, नाव सांगणार, आकडा सांगणार, मागचे लिहून घेणार.

दीड वर्षापासून तिला नीट दिसत नव्हतं. मधोमध धुकं, कडेकडेने थोडं काही. हे फक्त मला माहीत होतं, आणि तेही मी साखरेच्या बरणीत मीठ भरून ठेवलं तेव्हा कळलं. ती मस्करी तिने पूर्वी बरणी बघूनच पकडली असती. ह्या वेळी मात्र तिने चहात ते ढवळलं, घोट घेतला आणि कप बाजूला सरकवला. मी तो ओतून दुसरा चहा केला. माझ्या आयुष्यातली फसलेली मस्करी नाही म्हणता येणार ती, पण पुन्हा मी मिठाच्या वाटेला गेलो नाही.

पायवाट तिला पाठ होती. फाटकापासून ओढा दोनशे चौदा पावलं, ओढ्यापासून मोडका बाक नव्वद. गळ्यात दुर्बीण असायचीच. आवाज आला की त्या दिशेला ती दुर्बीण उचलायची, दोन श्वास थांबायची, आणि सांगायची. कुणाच्या बापाला कळलं नाही.

संशय आला दातवाल्या डॉक्टरांना. ते मंडळाचे नवे सेक्रेटरी. मार्च महिन्यात ते माझे समोरचे वरचे दोन दात बसवत होते. (जुने लिफ्टच्या दाराशी मस्करी करताना गेले. लिफ्टचं दार मस्करी समजत नाही.) माझ्या तोंडात दोन्ही हात घालून डॉक्टर म्हणाले, “तुमच्या ताईंना दिसतं ना हो नीट? मागच्या वेळी माझ्याशी हात मिळवायला गेल्या आणि खुर्चीशी बोलल्या. गणनेचा कागद सरकारात जातो. ‘प्रत्यक्ष पाहिले’ म्हणून खाली सही असते. ह्या वर्षी मी स्वतः बरोबर जाणार. शंका आली तर पायवाट दुसऱ्याकडे द्यावी लागेल.” तोंडात हात असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मला उलट उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा नवरंग. सहा वर्षांनी नवरंग, आणि तो सर्वांत आधी ताईने सांगितला, म्हणजे मग डॉक्टरांची बोलती बंद. हिशेब सोपा होता. सकाळी ताईला फाटकापाशी सोडलं, सगळ्यांना म्हटलं, “मी गाडीत झोपतो, तुम्ही मोजा,” आणि ओढ्याच्या आतल्या बाजूने धावत पुढे येऊन मोडक्या बाकाजवळच्या जाड बुंध्यामागे उभा राहिलो.

ते आले. पुढे ताई, मागे डॉक्टर, मग यादी लिहिणारी शाळेतली बाई, आणि शेवटी एकसारख्या टोप्या घातलेलं एक जोडपं.

“तांबट, तीन,” ताई म्हणाली. “कोतवाल, एक. वर जो फांद्या हलवतोय तो पक्षी नाही, माकड आहे. लिहू नका.”

मी शिट्टी वाजवली.

सगळे होते तिथे खिळले. डॉक्टरांचा हात नुसता हवेत राहिला.

“नवरंग,” ते कुजबुजले. “सहा वर्षांनी. ताई, ऐकलंत?”

ताईने नुसती मान तिरकी केली. मला वाटलं, आनंदाने गहिवरली असेल. मी अजून एक दिली, चांगली घोळवून.

“दिसला,” टोपीवाली बाई म्हणाली. “त्या बुंध्याच्या डावीकडे. शेपटी दिसली. अहो, हिरवी लांब शेपटी.”

“मलाही काहीतरी हललेलं दिसलं,” तिचा नवरा म्हणाला. संसारात असं म्हणावं लागतं.

“लिहा,” डॉक्टर म्हणाले. “नवरंग, एक.”

“नवरंग लिहू नका,” ताई म्हणाली.

मी बुंध्यामागे कपाळावर हात मारला. पाहुणा आला तर दार लावून घेतेय बाई.

“ताई, आम्ही सगळ्यांनी ऐकला,” डॉक्टर म्हणाले. “ह्यांनी पाहिला. तुम्ही पण बघा ना, दुर्बीण लावा. समोर आहे.”

ताईने दुर्बिणीला हात लावला. उचलली नाही. मला तिचं तोंड दिसत होतं. आयुष्यभर मी तिला फसवायला बघितलं आणि ती कधी फसली नाही, आणि आता मीच तिला भर जंगलात चार लोकांपुढे कोंडीत पकडलं होतं. शिट्टी मागे घ्यायची काही सोय नसते.

“लावून उपयोग नाही,” ती म्हणाली. “मला दिसत नाही, डॉक्टर. दीड वर्ष झालं. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही खुर्चीवरून ओळखायला गेलात.”

यादीवाल्या बाईच्या पेन्सिलची खरखर थांबली.

“म्हणजे मग,” डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, “वय होतं तसं कानालाही—”

“कान आहेत. नवरंग दोन सूर म्हणतो आणि गप्प बसतो. हा दुसऱ्या सुरानंतर श्वास ओढतोय. आणि तो श्वास समोरच्या वरच्या दोन दातांतून जाताना बारीक शीळ वाजतेय. दात नवे आहेत. मध्ये केसाएवढी फट राहिली आहे.” ती थांबली. “मार्चमध्ये तुम्हीच बसवलेत ना?”

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. पहिल्यांदाच त्यांचे दात मला नीट दिसले. एक किडका होता.

“माकडा,” ताई म्हणाली, “बाहेर ये. आणि ती जळू काढ आधी. केव्हाचा पाय आपटतोयस.”

मी बाहेर आलो. दुसरं करतो काय?

“तुम्ही?” टोपीवाली बाई म्हणाली. “मग मी पाहिली ती शेपटी?”

मी पॅंटच्या मागच्या खिशातून लोंबणारं हिरवं फडकं काढून दाखवलं. लिफ्टचं ग्रीस पुसायचं.

“नवरंगाला शेपूट असते का हो एवढी?” ताई म्हणाली. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं उजवीकडे बघून, “कशाला केलंस?”

“तुझी पायवाट जाऊ नये म्हणून.”

“खोट्या पक्ष्यावर राहिली असती होय?”

मोजा खाली करून मी जळू काढत बसलो. चांगली टम्म झाली होती, तेवढीच एक जण माझ्यावर खूश.

ताईने गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या गळ्यात घातली. “धर. उगाच मान दुखते,” ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली. तिच्या हातांना आता काहीच काम नव्हतं. ते तिने पाठीमागे बांधले, एखादी हेडमास्तरीण वर्गातून फिरते तसे.

“सुतार, एक,” तिने पुढून सांगितलं. “मेलेल्या लाकडावर आहे, पोकळ वाजतंय. धनेश, दोन. आत्ता डोक्यावरून जातील. पंख ऐका.”

आम्ही वर बघितलं. आधी आवाज आला, कुणी जाड चादर झटकावी तसा. मग दोन धनेश गेले. मला त्या वेळी इतका माज चढला की काय सांगू. मी टोपीवाल्याला कोपराने ढोसलं. म्हटलं, “ताई आहे माझी.” त्याला ते माहीत होतं. तरी सांगितलं.

डॉक्टर जागेवरच उभे होते. मग त्यांनी यादीवाल्या बाईकडून कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि भराभर चालत ताईच्या मागे दुसऱ्या नंबरला जाऊन लागले.

“कोतवाल लिहू?” त्यांनी विचारलं.

“भृंगराज आहे. कोतवालाची नक्कल करतोय. आज नकलांचाच दिवस दिसतो. लिहा, एक.”

डॉक्टरांनी लिहिलं. शेवटपर्यंत तेच लिहीत होते. सत्तेचाळीस जाती झाल्या.

फाटकापाशी त्यांनी माझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. तळाशी ‘प्रत्यक्ष पाहिले’ असं छापलेलं होतं. त्यातलं ‘पाहिले’ त्यांनी खोडलं, वर ‘ऐकले’ लिहिलं, बाजूला आपली छोटी सही केली. मग ताईच्या हातात पेन दिलं आणि जिथे सही करायची तिथे आपलं बोट ठेवलं. ताईने त्या बोटाला चिकटून सही केली. रेघ सोडून थोडी वर गेली.

“सरकारला चालेल का?” तिने विचारलं.

“नाही चालली तर मी जाऊन भांडेन,” डॉक्टर म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “उद्या या. ती फट बुजवतो.”

“राहू दे,” मी म्हटलं. “ताईला ओळखायला बरी.”

बाकीचे डॉक्टरांच्या गाडीतून गेले. ताई माझ्या शेजारी बसली. मी सहज दुर्बीण डोळ्याला लावली, आणि काहीच दिसेना. पुसली, तरी तेच. आत काचेवर पांढरी बुरशी पसरली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ह्या जंगलात काच महिनोन्‌महिने कुणी पुसली नाही की ती अशी धरते.

“काय दिसतंय?” ताईने विचारलं.

खोटं तोंडावर आलं होतं. नवरंग म्हणणार होतो.

“धुकं,” मी म्हटलं.

“हं,” ती म्हणाली आणि तिच्या बाजूची काच खाली केली.

फाटकापासून शहरापर्यंत सगळा उतार आहे. मी इंजिन चालू केलंच नाही. ब्रेक सैल सोडला आणि गाडी आवाज न करता हळूहळू खाली जाऊ दिली.

पहिल्या वळणावर ताईने बोट वर केलं.