साठीच्या आत

सिरिंजच्या काचेत अडकलेला बुडबुडा, मोहरीएवढा, फार तर… तो काही वर सरकेना, आणि मोहनसिंग नखानं हलकेच टिचक्या मारत राहिला. घाई नव्हती त्याला. चावडीपुढं सगळं साखरा गाव बाह्या वर करून उभं होतं, ऊन डोक्यावर चढत होतं, तरी हा नांदेडकडचा शीख टोचणारा एका बुडबुड्यासाठी थांबला होता—आणि माणिकरावांना ते आवडलं. हात चांगला आहे, त्यांच्या मनात आलं; मेडिकल कॉलेजातल्या पोरांना पंधरा वर्षं सांगतोय, हवा काढा, आधी हवा काढा, पण कुणाला धीर आहे… मग त्यांना स्वतःचाच राग आला. इथं आई रांगेत उभी आहे आणि आपण मार्क देत बसलोय.

पटकीची साथ जवळच्या पुसेगावात येऊन पोचली होती. घरटी माणूस गेलं असं लोक म्हणत होते. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं पुरेसं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत माणिकराव हैदराबादहून आले होते ते आईला, चांगुणाबाईला, घेऊन जायला, आणि दरसालप्रमाणं ती यायला तयार नव्हती. वडील, रखमाजी, लांब वारंग्याकडं कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेलेले. ते येईस्तोवर घर कुणावर टाकू, म्हणे. परवा सुटी संपणार. म्हणजे आई इथंच राहणार, ओढ्यातल्या झिऱ्याचं, वाळूत उकरलेल्या खड्ड्यातलं, पाणी पिणार, आणि आपण तिकडं फळ्यावर त्याच जंतूंची चित्रं काढणार. पाणी उकळून पी म्हटलं की ती हसते. तेव्हा उरली ती एक सुई.

आणि सुईच्या आड नियम. विलायतेकडच्या लढाईमुळं लस तुटपुंजी येत होती, म्हणून निजाम सरकारनं ठरवलं होतं की साठीच्या पुढच्यांना टोचायचं नाही, आहे ती तरण्यांना द्यायची. हा नियम कुणी सुचवला ते या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हातारपण आणि प्रतिकारशक्ती—पंधरा वर्षं माणिकरावांनी दुसरं काही केलंच नव्हतं. तरणे ससे, म्हातारे ससे. दोघांना तीच लस, तेवढीच. मग कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढून बघायचं, जंतूंशी झुंजायला ते शिकलंय का. तरण्याचं शिकायचं. म्हाताऱ्याचं अर्धमुर्धं, कधी मुळीच नाही. वर्गात ते उर्दूत सांगत, उम्र के साथ जिस्म सीखना छोड़ देता है, आणि मागच्या बाकावरची पोरं आपल्या मास्तरांच्या वयाबद्दल काहीतरी पुटपुटून हसत, आणि तेही हसत. मग ती सरकारी बैठक… गार खोली, वाळ्याचे पडदे, चहासुद्धा बरा होता. कुणीतरी विचारलं, प्रोफेसरसाहेब, म्हाताऱ्यांना दिलेली लस वाया जाते का? आणि ते म्हणाले, बहुतांशी. एका शब्दाचं उत्तर. परतताना टांग्यात किती हलकं वाटलं होतं—आयुष्यात पहिल्यांदा आपले ससे कुणाच्या तरी कामी आले. नियम चुकीचा असता तर आज तो मोडायला काही वाटलं नसतं. तो चुकीचा नव्हता, हीच पंचाईत.

पण मोडायचा प्रश्नच कुठं होता? मी बेचाळीस वर्षांचा. मी तिचं पहिलं लेकरू, आणि मी झालो तेव्हा ती सोळा-सतराची. शाळेतल्या पोरालाही जमेल असा हिशेब आहे: आई साठीच्या आतली आहे, नियमात बसते, तिच्या वाट्याची सुई तिच्या हक्काची आहे. अडचण एवढीच की हे आईला मान्य नव्हतं.

हटकर धनगरांच्या वस्तीत दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळतात, आणि पहिलं ओवाळायचा मान वस्तीतल्या सगळ्यांत थोर, म्हणजे वयानं मोठ्या, बाईचा. जुनी थोर बाई वारली आणि त्या जागेवर दोघींनी हक्क सांगितला, चांगुणाबाईनं आणि शेजारच्या पंचफुलाबाईनं. जन्म कुणाचा कुठं टिपलेला? दोघींनी वयाचा लिलावच मांडला. एकीनं पासष्ट म्हटलं की दुसरी अडुसष्ट. शेवटी आईनं एका दमात पुढची सगळी वर्षं ओलांडली आणि आरतीचं ताट हातात घेतलं, आणि तेव्हापासून तिनं ते सोडलं नाही. चालणं सावकाश केलं, काठी घेतली, उठता-बसता कण्हायला शिकली. माणिकरावांनी हा किस्सा हैदराबादेत मित्रांना सांगून पुष्कळ हशा मिळवला होता. आता हसा म्हणावं. सकाळी त्यांनी तिला बजावलं होतं, वय विचारलं तर अठ्ठावन्न सांग, आणि भाकरी थापता थापता ती व्हय म्हणाली होती. मान वर न करता म्हटलेलं व्हय.

पंचफुलाबाईची पाळी आधी आली. तिनं ताठ मानेनं त्र्याहत्तर सांगितले आणि मोहनसिंगनं तिला बाजूला व्हायची खूण केली. ती गेली नाही. तिथंच दगडावर बसली, पदर नीट केला आणि रांगेकडं बघत राहिली.

माणिकराव पुढं झाले, मोहनसिंगच्या कानाशी वाकले आणि खालच्या आवाजात आईचं खरं वय सांगितलं. तो कंटाळून हसला.

"साब, सवेरे से हर बेटा यहीच बोल रहा. सबकी अम्मा साठ के अंदर."

हा नियम माझा आहे, असं सांगितलं असतं तर… तर तो उठून उभा राहिला असता, सलाम केला असता आणि मुकाट टोचलं असतं. आणि दगडावरच्या त्या म्हातारीनं ते बघितलं असतं. खऱ्या वयाची आई वशिल्याच्या लबाडीनं वाचवायची! ते एक पाऊल मागं सरले. मोहनसिंग मात्र माणूस वाईट नव्हता. अम्मा स्वतःच्या तोंडानं सांगू दे, तो म्हणाला, मी लगेच सुई देतो.

चांगुणाबाई पुढं आली. काठी टेकली. मोहनसिंगनं विचारलं. तिनं आधी लेकाकडं, माझ्याकडं, बघितलं—मला वाटलं, सांगणार. तिच्या डोळ्यांत सकाळचं ते व्हय होतं, मी पाहिलं—आणि मग तिची नजर दगडाकडं गेली.

"पंच्याहत्तर पुरी झाली," ती म्हणाली. "शहात्तरावं चालू हाय."

तेव्हा माणिकराव बोलले, हवं होतं त्यापेक्षा मोठ्यानं. ती अठ्ठावन्नची आहे, मी तिचा मुलगा, मी बेचाळीसचा, हिशेब करा… वर्गात बोलतात तसे बोलले. रांगेत खसखस पिकली. आई रागावली नाही. तिनं मोहनसिंगलाच विचारलं, शांतपणे, एखाद्या पंचाला विचारावं तसं:

"माह्या जल्माच्या वक्ताला हा होता का तिथं?"

सगळे हसले, मोहनसिंगसुद्धा, आणि त्यानं पुढच्याला बोलावलं.

लिंबाच्या सावलीत आई माणिकरावांनी धोतराच्या सोग्यानं झाडलेल्या जागेवर बसली आणि ते उभेच राहिले. संताप आला होता. संताप कुणाचा, ते ठरत नव्हतं. एका पाडव्याच्या ताटासाठी, मेंढरांसमोर दिवा फिरवण्यासाठी… आणि आपण? आपण काय वेगळं केलं त्या गार खोलीत? आई रांगेकडं बघत होती. मग म्हणाली, "बुढ्या मानसाला काहून देऊन नाही राहिले रे?"

"बुढ्याच्या रगताला शिकवलेलं ध्यानात राहत न्हाई, आई. तरण्याच्या राहतं. लस थोडी हाय."

"असं कोन म्हणते?"

ते सांगणार नव्हते. पण तिनं शिव्या द्याव्यात, काठी उगारावी, मोकळं करावं, अशी काहीतरी हाव आत उठली आणि तोंडातून निघून गेलं.

"मी म्हटलं. सरकारनं मला इचारलं, मी सांगितलं. त्याच्यावरून कायदा झाला."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि मग हळूहळू काहीतरी आलं, ते काय आहे हे कळायच्या आत ती उठली. काठी न घेता उठली. तरातरा चालत, कण्हणं विसरून, थेट त्या दगडापाशी गेली आणि पंचफुलाबाईच्या शेजारी टेकली.

"तुला सुई काहून न्हाई देल्ली, ठावं हाय का?" तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "माह्या माणिकचा कायदा हाय तो. निजामाच्या समद्या मुलखात चालते."

पंचफुलाबाईनं उन्हाआड कपाळावर हात धरून माणिकरावांकडं पाहिलं. तिला सुई मिळाली नव्हती, उद्या-परवा पटकी साखऱ्यात आली तर ती आधी हिच्याच दारात येईल की आईच्या, कोण सांगणार. पण तिच्या नजरेत तक्रार नव्हती. तिनं पदर पुढं ओढला, मोठ्या माणसासमोर ओढतात तसा.

आणि, हे कुणाला सांगता येणार नाही, आईला तर नाहीच, मला बरं वाटलं. भीती होतीच, ओढा होता, झिरा होता, परवाची गाडी होती, सगळं जिथल्या तिथं होतं. पण त्या सगळ्याच्या वर ते बरं वाटणं आलं होतं, सायीसारखं, आणि मी ते बाजूला सारू बघत होतो आणि ते पुन्हा पुन्हा जमत होतं, कारण पंचफुलाबाईनं काहीतरी विचारलं होतं आणि आई तिला सगळं परत पहिल्यापासून सांगत होती.