देवापुढचा प्रोसेसर

मथुराबाईंच्या घरात नवी वस्तू आधी देवापुढं बसते, मग कामाला लागते. पंखा तसाच आला, मिक्सर तसाच आला. नवऱ्याचा, बब्रुवानचा, मोबाईल तर मुहूर्त चांगला नाही म्हणून दोन दिवस देव्हाऱ्यात रिंग वाजवत पडला होता. त्यामुळं सून सृष्टी भूमच्या दुकानातून संगणकाचा नवा प्रोसेसर घेऊन ईट गावी परतली, तेव्हा त्यालाही सूट मिळाली नाही.

"एवढ्याशा तुकड्यापायी जीपचे धक्के खाल्ले व्हय?" मथुराबाईंनी प्लास्टिकची डबी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"आत्या, संगणकाचा मेंदू हाय त्यो. जुना लई मंद हुता. मोठा नकाशा उघडला की जागीच बसायचा. दुकानदाराला देऊन टाकला."

"मग आज रातभर देवापुढं राहू दे. सकाळी बसीव."

सृष्टी घरांचे नकाशे काढायला शिकलेली. पुण्यातल्या एका कंपनीनं दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तिची परीक्षा ठेवली होती, घरच्याच संगणकावर. पास झाली तर नोकरी पुण्यात, म्हणजे नवऱ्याजवळ, कृष्णराजजवळ. लग्नाला दोन वर्षं झाली, पण नवराबायकोचा सगळा संसार फोनवरच चालला होता. इकडं या दोन वर्षांत सासूचा जीव सुनेत गुंतला तो गुंतलाच. मथुराबाईंना काचबिंदू. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब सृष्टी घालायची, आणि घालताना गावभरच्या गोष्टी सांगायची. थेंब दोन, गोष्टी वीस.

सकाळी पूजेला बसल्यावर मथुराबाईंनी डबी उघडली. तुकड्याची वरची बाजू करडी, बारीक अक्षरांची. खालची मात्र नुसती सोन्याची. आता देवाला सोन्याचं तोंड दाखवायचं का शिशाचं? त्यांनी तुकडा उलटा केला, ओल्या हळदीचं बोट ओढलं, वर कुंकू लावलं, हात जोडले. मग सून हसेल म्हणून पदरानं पुसून तो होता तसा डबीत ठेवला.

नऊ वाजता सृष्टीनं संगणक उघडून प्रोसेसर बसवला आणि बटण दाबलं. आतला पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळी ती काळीच. तिनं वायरी काढून लावल्या. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. आतला सेल काढून पुन्हा घातला. तीन तास खाली मान घालून खटपट केली, पण संगणक ढिम्म हलला नाही. शेवटी तिनं दुकानदार गुरुसिद्धप्पाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून शेजारी ठेवला.

"ताई, काल तुमच्या डोळ्यांदेखत माझ्या मशिनीवर चालवून दाखवलाय," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "खालच्या सोनेरी ठिपक्यांना काय लागलं का बघा. तेल, पाणी, धूळ. जरासं लागलं तरी त्यो न्हाय चालत."

सृष्टीनं प्रोसेसर काढून दारातल्या उजेडात धरला. "न्हाय हो. पिवळाधमक दिसतोय."

"मग तुमचा बोर्ड गेला आसंल. उद्या घेऊन या."

चुलीपुढं बसलेल्या मथुराबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना आधी बरं वाटलं. खोटं बोलायचं नव्हतंच, नुसतं गप राहायचं होतं. दोन वाजून जातील. पोर चार दिवस रुसेल, मग विसरेल, आणि संध्याकाळी थेंब घालताना पुन्हा गोष्टी सांगेल. देवानंच केलं म्हणायचं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

तिकडं सृष्टीनं कृष्णराजला फोन लावला होता. "माझ्याच हातून बिघडला. येत न्हाय तर हात घालायचा कशाला? तुम्ही म्हणत हुता दुकानातच बसवून घे, ऐकलं न्हाय मी." मग बोलणं संपलं आणि नुसते हुंदके ऐकू यायला लागले.

देवावर ढकललेलं मथुराबाईंना पचलं असतं, पण पोरीनं स्वतःवर घेतलेलं पचेना. तव्यावर भाकरी करपली तरी त्यांना भान नव्हतं. पिठाचे हात तसेच घेऊन त्या उठल्या.

"सृष्टी, तुज्या हातून न्हाय बिघडला. सकाळी म्या त्याच्या सोन्याच्या अंगाला हळद-कुंकू लावलं. पुसलं, पर हळद काय निघाली नसंल."

सृष्टीनं प्रोसेसर पुन्हा उजेडात धरला. मथुराबाई बोलणी खायच्या तयारीनं उभ्या होत्या.

"पिवळ्यावर पिवळं," ती हळूच म्हणाली आणि ताडकन उठली. "आत्या, मामांचं शेरडांच्या जखमेचं स्पिरिट कुठं हाय?"

कापूस घरात एकाच ठिकाणी होता, देव्हाऱ्यातल्या फुलवातींच्या डब्यात. मथुराबाईंनी डबा पुढं केला. पहिली फुलवात पुसून आली ती पिवळी, दुसरी फिकट, चौथी पांढरीशुभ्र. सृष्टीनं तुकडा वाळू दिला, जागेवर बसवला, वर पंखा आवळला. बटण दाबलं. स्क्रीन काळीच. मथुराबाईंनी देवाकडं पाहिलंसुद्धा नाही, कोणत्या तोंडानं पाहणार? मग पांढरी अक्षरं उमटली, आणि पाठोपाठ सृष्टी-कृष्णराजचा लग्नातला फोटो आला. दोन वाजायला वीस मिनिटं होती.

परीक्षेत शेळीची करडं ओरडायला नकोत म्हणून मथुराबाईंनी दोन्ही करडं काखेत मारली आणि दोन तास लांबच्या बाभळीखाली जाऊन बसल्या.

चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला: नोकरी पक्की, आठ दिवसांनी पुण्याला रुजू व्हायचं. त्या संध्याकाळी सृष्टीनं थेंबांची बाटली स्वतः न उघडता बब्रुवानच्या हातात दिली.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्ही गप बसला असता तर मी इथंच राहिले असते."

"ठावं हुतं मला."

बब्रुवाननं जन्मभर शेरडांना औषध पाजलेलं. त्यानं बायकोची हनुवटी पकडली आणि मान वर केली.

"आवं, म्या शेळी न्हाय," मथुराबाई म्हणाल्या.

पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा कानाकडं गेला. सृष्टीनं सासूचं तोंड पदरानं पुसलं आणि तिची पापणी बोटानं धरून ठेवली.

"परत घाला, मामा," ती म्हणाली. "अजून आठ दिवस हायत."