वझिराला धूर कळतो

आमचा वझीर ओरडला की अर्ध्या काशान शहरातली डाळिंबं गळून पडायची. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्यांना विचारा. ते माझ्याहून थापाडे आहेत. वझीर म्हणजे आमचं गाढव, आणि आमची भट्टी त्याच्यामुळे वाचली.

झालं असं की आमच्या ह्यांनी, हुरमुजनी, तीस वर्षं भट्टीच्या भोकातून आत बघून डोळे भाजून घेतले. शेवटी समोरची मीसुद्धा दिसेना. "तू अजून विशीचीच आहेस," म्हणायचे. मी कशाला नाही म्हणू? पण बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. सासरे जाताना सांगून गेले होते, ज्याची नजर पक्की त्याची भट्टी. आणि धाकटा दीर कामकार टपूनच बसलेला.

सोनेरी भांड्यांचं काम नाजूक. भाजलेल्या वाडग्यावर मातीत कालवलेल्या चांदी-तांब्याची नक्षी काढायची, पुन्हा भट्टीत कोंडायचं आणि धूर पाजायचा. कमी पडला तर सोनं चढत नाही, जास्त झाला तर सगळं काळं. म्हणून आकड्याने नमुन्याची ठिकरी बाहेर काढून बघत राहायचं. रंग आला की विस्तव बाहेर ओढायचा. मग आम्ही खरबूज कापतो, सालं वझिराला. सतरा वर्षं सालं खाऊन त्याला धुराचा वास पाठ झाला होता. वेळ झाली की आधीच ओरडून मागायचा.

"अहो," मी ह्यांच्या कानात म्हटलं, "ठिकरी बघायचं नाटक करा. कान वझिराकडे ठेवा."

एका खेपेला भट्टी पेटवली, तर तिसऱ्या दिवशी दुपारी कामकार हजर. "दादा, बघू तरी तुझी नजर!"

ह्यांनी ठिकरी काढली, पुसली, उन्हात धरली. "अजून नाही."

दुसरी काढली, आणि वझिराने असा गळा काढला की शेजारणीचा रांजण तडकला.

"झालं! ओढा विस्तव!"

"एवढ्यात? कच्ची निघतील, दादा."

"निघाली तर भट्टी तुझी."

मी विस्तव ओढायला घेतला.

दोन दिवसांनी भट्टी निवली. पहिला वाडगा नक्षीच्या जळक्या मातीने माखलेला. मी ओल्या फडक्याने घासला, रंग मळकट. दुसराही तसाच. तिसरा घासायला माझा हात उचलेना. पण घासला, आणि असं सोनं उजळलं की भर दुपारी कोंबडा आरवला. भट्टीच्या दाराजवळचे, धूर कमी लागलेले ते दोन सोडले तर सगळी भट्टी सोनेरी.

तेव्हा कामकार हळूच म्हणाला, "दादा, त्या दिवशी ठिकरीची मागची बाजू बघत होतास."

ह्यांनी हातातला वाडगा खाली ठेवला.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोन हिवाळे झाले."

"मग मला सांगायचं ना, गाढवा!"

"गाढवाला सांगितलं होतं, भावोजी," मी म्हटलं.

तो हसला नाही. तसाच निघून गेला. मला वाटलं, गेली भट्टी.

पुढच्या खेपेला आम्ही भट्टी पेटवली, तर कामकार काखेत खरबूज घेऊन दारात.

"वहिनी, सालं वझिराला. गर मात्र माझा."

मग तो दादाशेजारी जाऊन उभा राहिला. ह्यांनी ठिकरी काढली, तशी कामकारने ती त्यांच्या हातातच सुलटी केली.