डाव्या डोळ्यातला तीळ

कामगार दवाखान्यातले डॉक्टरसाहेब, सगळा दोष तुम्ही माझ्या माथी मारलात, तोही एका शब्दात. अर्जावर 'आनुवंशिक' असं लिहिलंत, शिक्का हाणलात आणि चहा मागवलात.

मित्रांनो, मी एक जुना तीळ आहे. नाथाच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर माझं आयुष्य गेलं. आज मी बाटलीतल्या औषधात पडून आहे, त्या डोळ्यासकट.

माझं बी घरचंच. मोरिवलीच्या बनूबाईच्या डोळ्यात तीळ होता. तिला एका साच्यातले जुळे झाले, नाथा आणि जनू. पाच-सहा वर्षांचे असताना नाथाच्या डाव्या डोळ्यात मी उगवलो आणि जनूच्या उजव्या डोळ्यात माझा भाऊ.

बनूबाई हसून म्हणाली, "बरा झाला बाय! डावा तो नाथा, उजवा तो जनू. नायतर मी एकालाच दोनदा जेवाला वाढतंय."

पुढे शाळेच्या दाखल्यात माझी नोंद झाली. ओळखीची खूण, डाव्या डोळ्यात तीळ. केवढा मान! नाथा कारखान्यात वेल्डर झाला, तेव्हा गेटपासवरही मीच. वॉचमन कमलेश रोज विचारी, "आँख दिखा. नाथा आहेस की भाऊ पाठवलाय?"

जनू जांभूळ गावच्या पंपघरात लागला. माझा भाऊ सावलीत राहिला. मी बावीस वर्षं ठिणगीसमोर. डोळ्यांपुढे धरायची काळी काच तिघांत एकच. नाथाने मागितली की सुपरवायझर अभिजीत म्हणे, "दोन सेकंदांचा टाका मारायचाय. काच कशाला, पिक्चर बघतोयस का?" असे दोन-दोन सेकंद दिवसाला शेकडो. डोळे सुजले की नाथाची बायको काशी त्यावर बटाट्याचे काप ठेवी.

मग मी वाढू लागलो. तिळाचा मसूर झालो, लाल शीर फुटली. तपासणी शिबिरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच काढा. छोटं काम आहे."

"उद्याच जाऊ," काशी म्हणाली.

नाथाचा चेहरा उतरला. "आणि गेटवर? दाखल्यावर तो, पासवर तो. तो गेला तर मी नाथा कशावरून? म्हणतील, जनूच आलाय."

"अहो, बायको ओळखते ना तुम्हाला!"

"तू गेटवर बसतेस काय?"

अभिजीतने तर फर्मानच काढलं, "आधी दाखला बदलून आण, मग तीळ काढ." शाळा म्हणे कचेरीत जा, कचेरी म्हणे शाळेत. यात दोन वर्षं गेली. ज्या खुणेचा मला मान होता, तिनेच नाथाचा घात केला. शेवटी माझा कर्करोग झाला आणि अख्खा डोळा काढावा लागला. आता तो पसरून नाथाच्या कानापुढे गाठ आली आहे.

साहेब, नाथाने तुमच्याकडे अर्ज केला. मागणं एवढंच, की कामाचाही यात हात आहे का ते तपासून लिहा. कारण कारखान्यात अजूनही तिघांत एकच काच आहे. सोबत जनू आला होता.

"साहेब, माझापन डोळा बघा. एका आईचे, एका वेळचे आम्ही. माझा तीळ हाय तेवढाच हाय."

तुम्ही म्हणालात, "अर्जात तुझं नाव आहे का? नाही ना? मग बाजूला हो."

मित्रांनो, अंगावरचा, डोळ्यातला तीळ वाढला, रंग बदलला, रक्त आलं तर त्याच दिवशी दाखवा. कागद मागून येऊ दे. कागदाला गाठ येत नाही, माणसाला येते.

आणि साहेब, बी घरचं होतं, हे मी नाकारत नाही. ठिणगीनेच घात केला, अशी शपथही मी घेणार नाही. ते शोधणं तुमचं काम होतं. पण बी दोन डोळ्यांत एकच होतं. एक डोळा तुमच्या बाटलीत आहे, दुसरा तुमच्या दारात उभा आहे. तो का बघितला नाहीत? उत्तर द्या. नाथा असेतो द्या.