दहापैकी किती

"जीरो, टीचर."

"शून्य? नक्की ना?"

"हव. जीरो."

"शाब्बास," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि टॅबलेटवर पायलच्या नावापुढे शून्य टाकलं. तेवढ्यात पलीकडून फोन बंद झाला. एरवी ही पोट्टी फोन ठेवायला तयार नसायची. कुत्रीला किती पिल्लं झाली, वर्गात कोण कुणाशी भांडलं, सगळं सांगून झाल्यावर 'और बताऊँ?' असं विचारायची. आज तिनं काहीच विचारलं नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, पण यादीत अजून सतरा मुलं बाकी होती आणि साडेसहा वाजत आले होते.

चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर प्रेमला रामटेके चौबे कॉलोनीतल्या घरी वर्षभर बसल्या. बसणं त्यांना जमेना. मग सरकारी दवाखान्यातल्या सिकलसेलच्या अभ्यासात त्यांना हे काम मिळालं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. विदर्भातून या हिंदी मुलखात आलेल्या आपल्या लोकांत तो घरोघरी आहे, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता, तेव्हा त्याला नुसता 'वात' म्हणत.

अभ्यास साधा होता. चौपन्न मुलं. औषध एकच, पण अर्ध्या मुलांना कमी आणि अर्ध्यांना जास्त. वर्षभरानं बघायचं, कुणाचं दुखणं घटलं. रक्त तपासून बरंच काही कळतं, पण किती दुखतं ते कळत नाही. ते ज्याचं दुखतं त्यालाच विचारावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाला फोन करायचा आणि आकडा टॅबलेटवर टाकायचा. सात किंवा त्याच्या वर आकडा आला, की आईबापांना लगेच दवाखान्यात बोलवायचं.

विचारायचं वाक्य छापून भिंतीवर चिकटवलेलं होतं. 'आज दर्द कितना है? शून्य यानी बिल्कुल नहीं, दस यानी सबसे ज़्यादा.' हे जसंच्या तसं वाचायचं, आपल्या मनानं काही समजावून सांगायचं नाही, असं डॉ. अनुश्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डॉ. अनुश्री नागपूरच्या, वयानं बाईंच्या मुलीएवढ्या. बाईंनी मान डोलावली, पण मनात म्हटलं, लेकराला प्रश्न कसा विचारायचा हे आता ही मले शिकवणार.

पहिले आठ-दहा दिवस त्यांनी ते वाक्य वाचलं. मुलं गप्प राहायची, नाहीतर 'मालूम नहीं' म्हणायची. मग एक दिवस पायललाच त्या म्हणाल्या होत्या, "हे पाह्य, शाळेत टीचर मार्क देते ना? तशी आता तू टीचर. दहापैकी मार्क दे."

पायल खुदकन हसली होती. बाईंनी मग ते पुष्कळ मुलांना सांगितलं. मुलं पटापट आकडे सांगू लागली. भिंतीवरचं वाक्य वाचायचं राहूनच गेलं. "दहापैकी किती?" एवढं विचारलं की काम भागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाई दवाखान्यात पोचल्या, तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर फरशीवर पायलची आई नीलिमा बसलेली दिसली. पायांत चपला नव्हत्या.

"काय झालं वं?"

"सास घेता येत नाही तिले. पहाटपासून." नीलिमानं वर पाहिलं. "छाती भरली म्हणते डॉक्टर."

"कधीपासून दुखून राहिलं होतं?"

"चार दिवस झाले. पाय, पाठ, मंग छाती."

"चार दिवस? अन् आणलं काहून नाही?"

नीलिमाला हा प्रश्नच कळला नाही. "तुमचा फोन तं रोज येते ना, टीचर. ती तुमाले सांगे. तुमी शाब्बास म्हणत. मले वाटलं, तिकडं समदं मालूम आहे, जरुरत पडली तं बलावतीन."

वॉर्डाच्या दारातून डॉ. अनुश्री टॅबलेट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं.

"मॅडम, हे चार दिवस बघा. दोन, दोन, एक, शून्य. त्या पोरीच्या दोन्ही फुप्फुसांत आजार पोचलाय. असं शून्यावरून एका रात्रीत होत नाही."

"खोटं सांगितलं असेल तिनं," बाई म्हणाल्या. "शाळा बुडते म्हणून. नाहीतर बापाच्या धाकानं."

"तुम्ही विचारा. तुमच्याशी बोलते ती."

पायल उशीला टेकवून बसवलेली होती. नऊ वर्षांची, चौथीतली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन वेण्यांपैकी एक सुटलेली. बाईंना पाहून तिनं दोन बोटं हलवली.

"पायल, बेटा, टीचरले खरं काहून नाही सांगितलं तू?"

मास्कच्या आत वाफ आली आणि गेली. "सच बोला था."

"काल तू शून्य म्हणाली."

"हव." ती थांबली, दोन श्वास घेतले. "बहुत खराब था ना कल. तो जीरो दिया."

बाईंनी पलंगाची दांडी धरली.

"आप ही बोले थे, मार्क देना." पुन्हा श्वास. मग तिनं बाईंकडे जरा रागानंच पाहिलं. "फेल वाले को शाब्बास कौन बोलता है, टीचर?"

पलीकडच्या खाटेवरचं मूल रडत होतं. त्याची आई त्याला थोपटत होती. बाईंना ते सगळं दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

"अन् तू नऊ सांगत होती ना? मागे, दोनदा?" त्यांनी विचारलं.

"नौ में तो पास रहते हैं. मैं अच्छी थी तब." पायलनं डोळे मिटले. "फिर पापा बोले, इतना मत बोला कर, हर बार अस्पताल बुलाते हैं. तो मैं पाँच देती थी. कभी छह."

बाईंना ते दोन्ही दिवस आठवले. नऊ ऐकून त्यांनीच घाईघाईनं फोन केले होते. राकेश, पायलचा बाप, सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातली पाळी सोडून तिला घेऊन आला होता, आणि ही पोरगी दवाखान्याच्या व्हरांड्यात एका पायावर लंगडी खेळत होती. बाई कौतुकानं बघत राहिल्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, 'सहनशक्ती चांगली.' एवढ्यावर थांबलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस बाई इतर मुलांना सांगत, सिलतऱ्याकडची एक पोट्टी आहे, नऊ असलं तरी हसते. बिरगावची यामिनी 'तीन' सांगून फोनवर मुसमुसत होती, तिलाही हेच सांगितलं होतं. वर म्हटलं होतं, तीनसाठी कोणी रडते काय.

यामिनी.

बाई जवळजवळ धावतच फोनच्या खोलीत गेल्या. यामिनीच्या घरी फोन तिनंच उचलला. आज शाळेला सुट्टी होती.

"यामिनी, मले एक सांग. तीन म्हणजे काय?"

"तीन?"

"तू दहापैकी तीन म्हणते, तवा कसं असते?"

"तीन मतलब फेल, टीचर." पोरगी हुशार होती, तिनं नीट समजावून सांगितलं. "सौ में पैंतीस पे पास होते हैं. तो दस में साढ़े तीन. तीन में तो फेल ही हुए ना."

"आज किती?"

"आज छह. आज तो मैं खेल रही हूँ."

बाईंनी फोन ठेवला. खोलीत पंखा फिरत होता आणि भिंतीवरचा कागद एका कोपऱ्यातून सुटून फडफडत होता. पायलचं बोलणं त्यांच्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. यामिनीचंही नाही. पोरगी खोटं बोलली, एवढं त्या आधीच म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, आणि डॉक्टरांना ते पटलंही असतं. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या उठल्या.

डॉ. अनुश्रींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती मुलांना मार्कांचं सांगितलं होतं तुम्ही?"

"पुष्कळांना."

"कोणाकोणाला?"

"ते आठवत नाही."

"आठवायला हवं, मॅडम." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. जरा वेळानं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "नऊ सांगणारी पोर माझ्यासमोर उड्या मारत होती. आणि मी तिला शूर म्हणून लिहून घेतलं."

दोन दिवसांत चौपन्न मुलांना पुन्हा विचारण्यात आलं, समोर बसवून, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून. एकवीस मुलं उलटं सांगत होती. सात म्हटलं की दवाखान्यात बोलावतात हे कळल्यावर, बरी असतानाही ती बहुतेक पाच-सहावरच थांबत. काही मधूनच सुलट झाली होती, कधीपासून ते त्यांनाही सांगता येईना. आठ महिन्यांचा तो सगळा रकाना अभ्यासातून काढून टाकावा लागला. औषध कमी बरं की जास्त, याचं उत्तर त्यातून आता निघणार नव्हतं. बाईंचं फोनचं काम तर त्यांनी हे सांगितलं त्याच दिवशी थांबलं होतं.

पायल चौथ्या दिवशी दुपारी गेली.

त्यानंतर दहा दिवसांनी राकेश डोंगरे दवाखान्यात आला. बाई त्या दिवशी टॅबलेट आणि कपाटाच्या किल्ल्या परत करायला आल्या होत्या. तो कारखान्याच्या कपड्यांतच होता, बाह्यांवर काळी धूळ. हातात कापडी पिशवी. दारात उभा राहून त्यानं जयभीम केला.

"बस, राकेश."

"बसत नाही, टीचर. ड्यूटीवर जायचं आहे."

"मले सांगायचं आहे तुले काही. बस."

तो बसला. बाईंनी त्याला पहिल्यापासून सांगितलं. भिंतीवरचं वाक्य, मार्क, शून्य, शाब्बास. शाळेत अवघड हिशेब सांगायच्या तसं, पायरी न गाळता. एकाही ठिकाणी त्यांनी 'पण' म्हटलं नाही. राकेश पिशवीच्या बंदाला पीळ देत ऐकत होता.

"मंग ती नऊ म्हणे, तवा बरी राहे?" त्यानं विचारलं.

"हो."

"अन् मी तिले म्हटलं, इतकं नको सांगत जाऊ. दोन दिवस पाळी बुडाली होती माझी. मले वाटलं, पोट्टी नखरे करून राहिली." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "नीलिमाले नका सांगू हे. माझं. तुमचं सांगा, माझं नका सांगू."

"माझं मी सांगन तिले. घरी येऊन."

"ती बोलन तुमाले."

"बोलू दे."

त्यानं पिशवीच्या बंदाचा पीळ सोडवला. मग म्हणाला, "तुमी सांगितलं नसतं तं मले जलमभर समजलं नसतं, ती काय म्हणत होती ते." त्याच्या आवाजात माफी नव्हती आणि रागही नव्हता. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. "हे द्याले आलतो. औषध उरलं तं वापस करा लागते म्हणे. कागदावर सही केली होती मी."

बाईंनी कपाटातून परतीचा फॉर्म काढला. पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं रबर लावून नीट बांधलेली होती. एकही गोळी चुकली नव्हती. शेवटचं पाकीट अर्धं भरलेलं होतं. बाईंनी ते उलटं केलं. मागच्या चंदेरी कागदावर, प्रत्येक गोळीच्या पाठीवर, निळ्या पेनानं बारीक आकडा लिहिलेला होता.

"हे काय आहे?"

"तारखा. नीलिमा पाकीट आणलं की पयलेच महिनाभराच्या टाकून ठेवे. चुकू नये म्हणून."

"मोजाव्या लागतीन," बाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर. तसा नियम आहे."

"मोजा."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि पहिल्या भरलेल्या गोळीवर बोट ठेवलं. चौदा. पंधरा. सोळा. त्या मोठ्यानं, सावकाश वाचत गेल्या. राकेश पुढे वाकून बघत होता. पंचवीस. सव्वीस. पुढच्या गोळीवर बाईंचं बोट थांबलं. समोरच्या भिंतीवर तारखेचं पान होतं, तिकडे बघायची गरज नव्हती. सही करण्याआधी फॉर्मवर त्यांनी आत्ताच आजची म्हणून तीच तारीख लिहिली होती.

त्यांना पुढे वाचता येईना. मग राकेशनं आपलं काळं बोट हळूच त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं.

"सत्तावीस," तो म्हणाला, आणि तिथून पुढचं त्यानं मोजलं.