विहीणबाईंचा होकार

विहीणबाईंबरोबर लॉन्ड्री काढली तेव्हाच माझी अक्कल चरायला गेली होती. माझी मुलगी त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे भांडायचीही चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

परवा नाट्यगृहाचा मॅनेजर आला. रंगमंचाचा मखमली पडदा धुवायचा म्हणाला. आमच्या मशिनमध्ये दोन रजया कोंबल्या की दार लागत नाही. मी आतल्या खोलीत विहीणबाईंना बजावलं, "नाही म्हणून सांगा." त्या बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "हो, शनिवारी आणून देऊ!"

मी तडक वकिलाकडे गेले.

"शब्द त्यांनी दिलाय, मी नाही," मी म्हटलं.

"भागीदार आहात ना? धंद्याच्या कामात एकीचा शब्द तो दोघींचा."

"अहो, पण मी नको म्हटलं होतं!"

"मॅनेजरला?"

"छे, विहीणबाईंना."

"मग त्याला काय स्वप्न पडणार होतं? उद्या पडदा आटला तर भरपाई दोघींकडून. त्यांच्याकडे नसेल तर सगळी तुमच्याकडून, अगदी राहत्या घरापर्यंत."

घर! ह्यांच्या माघारी मला तेवढाच आधार उरलाय. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

शेवटी गच्चीवर पडदा पसरून आम्ही दोघींनी हातांनी धुतला. मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्या खुशाल गुणगुणत होत्या. नशीब, मखमल आटली नाही.

शनिवारी पडदा घेऊन गेलो तर मॅनेजर म्हणतो, "वरच्या कड्या अडकवणारा माणूस आलाच नाही हो."

"त्यात काय? आमच्या विहीणबाई चढतील," मी म्हटलं.

विहीणबाईंना स्टुलावरसुद्धा चक्कर येते. "मी? मी कधी हो म्हटलं?"

"मी म्हटलं ना! एकीचा शब्द तो दोघींचा. वकिलाला विचारा."

अहाहा, काय चेहरा झाला होता!

पण चढल्या हो, देवाचं नाव घेत चढल्या. शिडी मीच धरली. पडल्या असत्या तर मुलीला काय तोंड दाखवलं असतं?

"विहीणबाई, धरलीय ना?"

"धरलीय, धरलीय!"

शेवटची कडी अडकली आणि वरून एकदम खणखणीत आवाज आला, "मॅनेजरसाहेब, तुमच्या खुर्च्यांची कव्हरं किती मळलीत हो! सगळी पाठवा सोमवारी, आम्ही धुऊन देऊ!"

मॅनेजर "बरं" म्हणून मोकळा झाला. आणि मला कपाळावर हातही मारता येईना. दोन्ही हात शिडीला होते.