कासिदीचा हात

विरात्मो सरांचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अकरावीत होते. आमच्या मागेलांग गावच्या वाचनालयात एका जुन्या कॅलेंडरवर ते छापलेलं होतं. चुलीपुढे बसलेली एक बाई, पाठमोरी. काळ्याभोर शाईत केसाएवढ्या पांढऱ्या रेघा, आणि अंबाड्याखाली उघड्या मानेवर एक छोटीशी खाच. चेहरा दिसत नव्हता, तरी ती बाई थकली आहे आणि मागे कुणीतरी बसलंय हे तिला ठाऊक आहे, हे मला कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी ते पान फाडून दप्तरात घातलं. आयुष्यातली माझी एवढी एकच चोरी, असं मी बरीच वर्षं समजत होते.

योग्या शहरातल्या कला महाविद्यालयात डिझाइन शिकायला गेले ती त्या पानापायीच. सरांनी जन्मभर लाकडाच्या फळ्या कोरल्या आणि त्यांवरून छापे काढले. शेतात वाकलेली, विहिरीवर उभी, बाजारातून परतणारी त्यांची माणसं सगळी पाठमोरी. प्रत्येकाच्या मानेवर ती खाच. तिच्यावर जाणकारांनी लेख लिहिले होते. कुणी म्हणे ती जोखडाची खूण, कुणी म्हणे गुलामीची. सरांना विचारलं की ते नुसते हसत.

वर्गात आम्हाला साधीच कामं असायची. साबणाचं वेष्टन, बसचं वेळापत्रक. मी काहीही करायला घेतलं तरी त्यात पाठमोरी माणसं घुसायचीच. दातांच्या दवाखान्याच्या पोस्टरवर मी पाठमोरा पेशंट काढला तेव्हा अख्खा वर्ग हसून लोळला.

"अगं वेनिंग, तुमच्याकडे दात मागच्या बाजूला उगवतात का?" माझ्या खोलीतली रगिल म्हणाली. "सरांची झेरॉक्स झालीयेस तू. शाई संपली की कळेल."

सर तेव्हा निवृत्त झाले होते, पण परीक्षक म्हणून येत. पासष्टीचे, ताठ, नखांत कायम काळी शाई. तिसऱ्या वर्षी माझा एक छापा व्हरांड्यात टांगला होता. त्याच्यासमोर ते थांबले. बराच वेळ थांबले. मग मागे वळून त्यांनी विचारलं, "कुणाचं हे?"

मी पुढे झाले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण हा हात माझा आहे, पोरी. तुझा कुठंय?"

सगळ्यांदेखत म्हणाले. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटत होतं. माझा हात त्यांना स्वतःचा वाटला, यापेक्षा मोठी शाबासकी मला तेव्हा ठाऊक नव्हती.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी कुलोन प्रोगोच्या डोंगरातल्या एका बायकांच्या गटाचं काम घेतलं. नारळाच्या झाडाचा रस आटवून त्या गूळ करायच्या, करवंट्यांत ओतून वड्या पाडायच्या. त्या वड्यांसाठी वेष्टन करायचं होतं. आठवडाभर राहायची सोय म्बाह तुगिनेमकडे झाली. म्बाह म्हणजे आजी. ती सत्तरीची, एकटी राहायची. मुलगा सुगेंग खालच्या गावात शाळेत कारकून होता. मी आले म्हणून म्हातारीला केवढा आनंद. पहिल्याच सकाळी तिनं उकडलेला कसाव्याचा कंद आणि आल्याचा गरम काढा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा, न्दुक, खा पोरी. शहरात तुम्ही कागद खाता की काय, एवढी कशी वाळलीस?"

मग ती रस आटवायला चुलीपुढे बसली. मी मागे चटईवर बसून वही उघडली. अर्धं चित्र होईपर्यंत मला वाटत होतं, मी सवयीनं काढतेय. नेहमीचीच बाई, नेहमीचीच पाठ. मग मी मान वर केली आणि पेन्सिल थांबली. म्बाहचा अंबाडा वर बांधलेला होता. त्याच्याखाली, डाव्या बाजूला, मानेवर एक जुना डाग होता. खाचेसारखा.

"म्बाह, मानेला काय झालं होतं?"

"ते होय? लहानपणी रसाची कढई कलंडली अंगावर. आई म्हणायची, गोड डाग आहे, मुंग्या लागतील." ती हसली. "दिसतो का गं अजून?"

सरांच्या चित्रांचं पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. मी ते तिच्यापुढे धरलं. तिनं आधी हात लुगड्याला पुसले, मग एकेक पान उलटलं. तिला नवल वाटलं नाही.

"ही मीच," ती म्हणाली. "ही पण मीच. ही नाही, ही दुसरीच कुणीतरी, हिला माझा डाग दिलाय नुसता." आणि मग, पुस्तक मिटून, "हे छापलं कुणी?"

मी नाव सांगितलं. म्हातारी उठली, भाजी चिरायची फळी घेऊन आली आणि माझ्यापुढे उलटी केली. सुरीच्या घावांनी झिजलेली एक बाजू मी सकाळपासून बघत होते. दुसऱ्या बाजूला काजळी धरलेलं कोरीवकाम होतं. चूल, बाई, मान, त्याच केसाएवढ्या रेघा. कोपऱ्यात तीन अक्षरं: कासिदी.

कासिदी म्हणजे म्बाहचा नवरा. गावात शाळामास्तर होता आणि शेतकऱ्यांच्या सभांसाठी पोस्टरं कोरायचा.

"ते माझ्या मागं बसायचे कोरायला," म्बाह म्हणाली. "उजेड काय तो चुलीचाच. म्हणून मी म्हणायचे, माझं तोंड कधी काढणार? तर म्हणायचे, तू वळलीस की काढीन. मी वळू कशी? रस करपला असता."

एकोणीसशे पासष्ट साली लष्करानं कम्युनिस्ट म्हणून माणसं उचलून मारायला सुरुवात केली; वर्ष संपता संपता लोक आले आणि कासिदीलाही घेऊन गेले. नदीकडे नेलं असं म्हणतात. दुसऱ्याच दिवशी त्याचा दोस्त सायकलवरून आला. दोघं एका खोलीत राहून शिकलेले.

"विर म्हणायचो आम्ही त्याला. म्हणाला, वहिनी, कागद घरात ठेवू नका, सापडले तर तुम्हालाही नेतील. मी वह्या, छापे, सगळं पोत्यात भरून दिलं. फळ्या जड, त्या काही सायकलवर बसेनात. म्हणाला, परत येतो."

"आले?"

"रस्ता लांब आहे ना," म्बाह म्हणाली आणि रस ढवळायला गेली.

माळ्यावर अकरा फळ्या होत्या, फणसाच्या लाकडाच्या. मी त्या खाली काढून धुतल्या. त्यातल्या तीन फळ्यांवरून छापे घेतले. उरलेले दिवस मात्र म्बाहनं मला दुसऱ्याच कामाला लावलं.

"तुला हात आहे. ह्यांचा चेहरा काढ. फोटो होता तो मीच जाळला, भीतीनं."

तिनं सांगायचं आणि मी काढायचं. नाक बसकं. भुवया जाड. एक कान जरा पुढे. मी काढायची आणि ती मान हलवायची, "नाही, हे नव्हेत." चार वर्षं मी पाठीच काढत आले होते. चेहरा म्हटला की माझा हात लाकडासारखा व्हायचा. चौथ्या दिवशी तिनं एक चित्र खूप वेळ धरलं आणि म्हणाली, "असेल, कदाचित." सतरा चेहरे दाखवून दाखवून मी तिच्या डोक्यातला होता नव्हता तोही पुसला, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं. तिनं पुन्हा काढायला सांगितलं नाही.

योग्याला परतल्यावर मी थेट सरांच्या कार्यशाळेत गेले आणि तिन्ही छापे टेबलावर ठेवले. कोरायची पटाशी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"जिवंत आहे ती?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"विचारलं नाही कुणाला."

"ते पोतं कुठंय सर?"

"जाळायलाच आणलं होतं. जाळवेना. दोन वर्षं छपराखाली होतं. मग पोटासाठी कोरायला बसलो, तर हातातून तेच येऊ लागलं. त्याचं नाव घातलं असतं तर चित्रंही गेली असती आणि मीही."

"आणि अठ्ठ्याण्णवनंतर? ते लष्करी सरकार पडल्यावर? तेव्हा कोण अडवत होतं?"

ते बोटांवरची शाई चोळत राहिले. "तोवर छप्पन्न वर्षांचा झालो होतो मी. तीस वर्षं त्याच्या हातानं जेवलो, पोरी. तो हात कुठून कापायचा, तू सांग."

"मला मात्र सगळ्यांदेखत विचारलंत, तुझा हात कुठंय."

"घाबरलो म्हणून विचारलं. तुझा छापा बघितला आणि क्षणभर वाटलं, कासिदीच आला."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "कासिदींचं नाव लष्कराला कुणी दिलं होतं सर?"

"मी नाही," ते लगेच म्हणाले. आणि मी दाराशी पोचले तेव्हा मागून हळू आवाजात, "पण त्या आठवड्यात मला चौकशीला दोनदा बोलावलं होतं. आणि दोन्ही वेळा मी घरी परत आलो."

मी ठरवलं, वेष्टन राहू दे. अंतिम प्रदर्शनात अकराच्या अकरा छापे लावायचे, खाली ठळक अक्षरांत कासिदीचं नाव. रगिल म्हणाली, "प्राध्यापक तुला फाडून खातील." म्हटलं खाऊ देत. म्बाहला तसा निरोप पाठवला आणि पंधरा दिवसांनी कागदांचा गठ्ठा घेऊन मी पुन्हा डोंगरात गेले.

अंगणात सुगेंगची मोटरसायकल उभी होती. तो पायरीवर बसला होता. त्यानं मला आत जाऊ दिलं नाही, पण ओरडलाही नाही.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. एक सांगा. माझ्या मुलीनं पोलीस भरतीची परीक्षा दिलीय. आजोबा कोण होते म्हणून विचारलं तर आम्ही काय सांगतो माहितीये? तापानं गेले. चाळीस वर्षं आम्ही तापानं गेले म्हणतोय. त्यांचा मुलगा म्हणून मला मास्तर होऊ दिलं नाही, कारकून केलं, तेही कुणाचे पाय धरून. आणि तुम्ही भिंतीवर नाव लिहिणार?"

"आता तसे नियम नाहीत."

"कागदावर नाहीत. माणसांच्या डोक्यातून कुणी काढलेत?"

आतून धूर येत होता. रोजच्यापेक्षा वेगळा वास होता, शाईचा. मी त्याला ओलांडून आत गेले. म्बाह चुलीपुढे बसून रस ढवळत होती. कढईखाली दोन फळ्या अजून अर्ध्या शिल्लक होत्या. कोरलेल्या रेघांमधून निखारा आत शिरला होता, त्यामुळे चित्र क्षणभर लाल अक्षरांसारखं स्पष्ट दिसलं आणि मग ढासळलं.

"म्बाह, तुम्ही अडवलं नाहीत?"

"मीच दिल्या काढून," ती म्हणाली. ती वळली नाही. "नातीचं आयुष्य आहे, न्दुक. फणसाचं लाकूड बरं असतं. धूर कमी होतो."

मी तिच्यामागे उभी राहिले. सुगेंगनं माझ्यापुढे हात जोडले नाहीत, पण उरलेले तीन छापे मागितले. मी ते सरांकडे सोडले होते. तसं सांगितलं. तो खाली बघत "बरं" म्हणाला.

प्रदर्शनात मी गुळाचं वेष्टन लावलं. पांढरा कागद, तपकिरी अक्षरं, दुसरं काही नाही. एकही माणूस नाही. परीक्षकांमध्ये सर होते. बाकीच्यांनी तोंड वाकडं केलं, एक जण म्हणाला हे तर किराणा दुकानातलं लेबल आहे. सरांनी माझी बाजू घेतली. "हिच्यावर माझी फार छाप होती," ते सगळ्यांना म्हणाले. "आता ही त्यातून सुटली. चांगले गुण द्या हिला." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला चांगले गुण मिळाले.

पुढे सुराबायाला बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी लागली. डबे, पुडे, सणाची वेष्टनं, सगळं कॉम्प्युटरवर. पटाशी मी पुन्हा हातात धरली नाही. एकदा दोनदा धरून पाहिली, पण काय कोरायचं ते कळेना.

तीन वर्षांनी म्बाह वारली. सुगेंगनं स्वतः फोन करून कळवलं. मुलगी तोवर पोलिसांत लागली होती, सुट्टी घेऊन आली होती. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती आणि अंगणात मांडवाखाली लोक चहा पीत होते. कुंपणापाशी एक म्हातारा काठी टेकून उभा होता. विरात्मो सर. चेहरा पिवळा पडला होता, त्यांना कुणी कळवलं आणि त्या चढावर ते कसे आले कोण जाणे.

सुगेंगनं त्यांना पाहिलं, खुर्ची आणून दिली, चहाचा पेला हातात ठेवला. आल्यागेल्याला करतात तसं.

"कुठून आलात, काका? आईच्या ओळखीचे का?"

"शहरातून," सर म्हणाले. "जुनी ओळख."

"नाव काय म्हणायचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं, चांगलं किंवा वाईट. मी मांडवाखाली टेकले.

"विर," ते म्हणाले.

सुगेंगला त्या नावाचं काहीच वाटलं नाही. म्बाहनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. "चहा घ्या, निवेल," एवढं म्हणून तो दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला. सरांनी चहा संपवला, पेला खुर्चीखाली ठेवला आणि उतारावरून हळूहळू खाली गेले. त्यांना हात द्यायला मी उठले नाही.